मी कोण? जन्मभर चालणारे शिक्षण

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यात हट्टा हे गाव आहे. वसमतचा परिसर हळदीच्या पिकासाठी प्रसिद्ध आहे. काढणीनंतर हळद शिजविण्याचे व वाळविण्याचे काम सुरू झाले की घरातील लहान मुलेही तेथेच वावरत असतात. त्यांना कोणी धडा देत नाही. तरीही कढईजवळ कोणी उभे राहायचे, हळकुंडे कोणी पसरायची आणि बाजारात हिशेब कोणी करायचा, हे ती पाहून पाहून शिकतात. कामाबरोबरच ‘ह्या घरात माझी जागा कोणती’ हेही त्यांच्या मनात ठसत जाते. समाजशास्त्रात ह्या प्रक्रियेला ‘सामाजीकरण’ असे म्हणतात.

इतरांच्या नजरेचा आरसा

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली ह्यांनी १९०२ साली असे मांडले की, इतरांच्या नजरेच्या आरशात पाहून माणूस स्वतःविषयीचे मत बनवितो. त्यांचे समकालीन जॉर्ज हर्बर्ट मीड ह्यांनी मुलांच्या खेळाकडे लक्ष वेधले. भातुकलीत मूल आई होते, दुकानदार होते, एका वेळी एकच भूमिका घेऊन पाहते. पुढे लगोरीसारख्या खेळात त्याला सर्वांच्या भूमिका एकाच वेळी ध्यानात ठेवाव्या लागतात. अशा रीतीने समाजाचे नियम त्याच्या मनात उतरतात.

परंतु आरसाच वाकडा असेल तर? मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंबांचे उदाहरण पाहू या. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन ही कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. तेथे पती-पत्नीच्या जोडीला मिळून ‘कोयता’ म्हणतात. म्हणजे मजुराची ओळखच त्याच्या हत्यारावरून ठरते. काम जोडीने मोजले जात असल्यामुळे मुलांची लग्ने लवकर उरकण्याकडे कल राहतो. आईवडील पहाटे फडात गेल्यावर दहा-बारा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळते, भाकरी थापते, पाणी भरते. सर्वजण तिला ‘शहाणी पोर’ म्हणून वाखाणतात. ह्या कौतुकातूनच ती शिकते की आपली जागा चुलीपाशी आहे, शाळेत नाही. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदा तिच्या बाजूने आहेत. पण ‘तू विद्यार्थिनी आहेस’ असे तिला रोज सांगणारे कोणीतरी लागते. म्हणूनच मुलांना गावी आजी-आजोबांजवळ ठेवून शिकता यावे, ह्यासाठी असलेल्या हंगामी वसतिगृहांचे मोल मोठे आहे. तेथे मुलीला जेवण मिळते, तशी वेगळी ओळखही मिळते.

शिकलेले पुसताही येते

हे शिक्षण बालपणी संपत नाही. लग्न, मातृत्व, नोकरी, निवृत्ती, वैधव्य अशा प्रत्येक वळणावर माणूस नवी भूमिका शिकतो. काही भूमिका तर त्याच्यावर लादल्या जातात. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे ह्या कृतींनी एका दुःखी स्त्रीला ‘तू आता कोणी नाहीस’ असे शिकविले जात असे, अनेक ठिकाणी आजही शिकविले जाते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ह्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही हे उदाहरण घेण्यास सांगितले. गावाने शिकविलेली भूमिका गावच पुसू शकते, हे हेरवाडने दाखवून दिले.

मोठेपणी नव्याने शिकणे सोपे मात्र नसते. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी हिंगोली जिल्ह्यातच आहे. परंपरा सांगते की, संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने सर्वांची परीक्षा घेतली आणि नामदेवांना ‘कच्चे मडके’ ठरविले. भक्त म्हणून नावाजलेल्या नामदेवांना ते फार लागले. परंतु पुढे ते ह्याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडे गेले आणि शिष्य झाले. लोकांनी दिलेली मोठेपणाची ओळख बाजूला ठेवून त्यांनी शिकणाऱ्याची भूमिका स्वीकारली.

प्रिय वाचकहो, आपणही रोज कोणाला तरी त्याची ओळख शिकवीत असतो. घरी पाहुणे आले की पाणी आणायला आपण मुलीलाच हाक मारतो काय? मिस्सामध्ये वाचन करण्यासाठी नेहमी त्याच घरांतील मुलांना बोलावतो काय? निवृत्त वडिलांचा सल्ला घेणे आपण सोडून दिले आहे काय? शब्दांपेक्षा ह्या लहान कृतीच अधिक शिकवितात. येत्या हंगामात आपल्या गावातील एखादी मुलगी फडावर जाण्याऐवजी शाळेत राहावी, ह्यासाठी तिच्या पालकांशी बोलणे आपल्यापैकी प्रत्येकाला शक्य आहे.