पांढरं पडलेलं चॉकलेट
अकोला-अमरावतीकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. चॉकलेटमधलं कोकोबटर मात्र सुमारे 34 अंशांनाच वितळतं. दुपारी पातळ झालेलं चॉकलेट रात्री पुन्हा घट्ट होतं, पण स्निग्धाचे स्फटिक आता वेगळ्या रचनेत जमतात आणि वर पांढुरका थर येतो. ही बुरशी नव्हे. फेकू नका, गरम पेय करा.

कपभर दुधाला 30 ग्रॅम पुरे. वितळलेल्या चॉकलेटमध्ये आधी दुधाचे चारच थेंब टाकून पाहा. चक्क गोळा होतो! साखरेचे कण ओलसर होऊन एकमेकांना चिकटतात. घाबरू नका, गरम दूध घालत राहा, साखर विरघळून गोळा सुटतो. मग रवीनं घुसळा. कोकोबटरचे बारीक थेंब होतात, दुधातली प्रथिनं त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाहीत. न घुसळलेल्या कपावर मात्र तर्री दिसेल.