कंपनीच्या आवारातील दानाची जत्रा आणि आपला कारागीर

ऑक्टोबर उजाडला की अंधेरी-कांदिवलीपासून विक्रोळी-मुलुंडपर्यंत अनेक कचेऱ्यांत आणि कारखान्यांत वेगळीच लगबग दिसते. कॅन्टीनबाहेर टेबले मांडली जातात. जुने कपडे आणि वह्या-पुस्तकांची खोकी भरू लागतात. कुठे रक्तदान शिबिर असते. कुठे कागदी झाडावर गरीब मुलांच्या इच्छांच्या चिठ्ठ्या टांगलेल्या असतात. कर्मचारी एक चिठ्ठी काढून घेतो आणि त्या मुलासाठी दप्तर किंवा बूट आणून देतो. हा खटाटोप बहुतेक ठिकाणी कर्मचारीच आपल्या मर्जीने करतात. २ ते ८ ऑक्टोबर या काळातील या सप्ताहाला ‘दान उत्सव’ म्हणतात. २००९ साली ‘जॉय ऑफ गिव्हिंग वीक’ या नावाने तो सुरू झाला. त्याला कोणी एक मालक नाही. ज्याला जे जमेल ते त्याने द्यावे, एवढाच नियम.

उपनगरातील मोठ्या कंपन्यांत ही प्रथा आता रुजली आहे. कांदिवलीत कारखाना असलेल्या महिंद्र समूहाने २००५ साली ‘एम्प्लॉयी सोशल ऑप्शन्स’ ही योजना काढली. परिसराची गरज पाहून काम कोणते करायचे, ते कर्मचाऱ्यांनीच ठरवावे, ही तिची कल्पना. टाटा समूहानेही २०१४ पासून कर्मचाऱ्यांच्या स्वयंसेवेला संघटित रूप दिले. आपल्या वाचकांना एक गोष्ट ठाऊक असावी. २ ऑक्टोबर १९४५ रोजी स्थापन झालेल्या महिंद्रचे मूळ नाव ‘महिंद्र अँड मोहंमद’ होते. भागीदार मलिक गुलाम मोहंमद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि तेथील पहिले अर्थमंत्री झाले. मग १९४८ साली कंपनीचे नाव बदलले.

दानधर्म आपल्या व्यापाऱ्यांना नवा नाही. वर्षाअखेरीस दुकानातील माल आणि शिल्लक मोजून अडीच टक्के जकात काढणारा माणूस प्रत्येक मोहल्ल्यात आहे. कंपन्यांवर मात्र हे बंधन कायद्याने आले. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावेत, असे ठरले आणि १ एप्रिल २०१४ पासून ते लागू झाले. आपण शिल्लक संपत्तीवर देतो, कंपनी नफ्यावर देते, हा फरक. या खर्चास पात्र कामांच्या यादीत पारंपरिक कला व हस्तव्यवसाय यांचे संवर्धन आणि व्यवसाय-शिक्षण यांचाही समावेश आहे. गोवंडीचा जरीकारागीर आणि धारावीचा चामडी पिशव्या शिवणारा कारागीर यांचा या यादीशी थेट संबंध आहे.

मग त्या टेबलांवर त्यांचा माल का दिसत नाही? कारण साधे आहे. स्वयंसेवक कर्मचारी आपली नोकरी सांभाळून हे काम करतात. ते ओळखीच्या, नोंदणी झालेल्या संस्थेला बोलावतात. गल्लीतल्या पोटमाळ्यावर आरी चालवणारा एकटा कारागीर त्यांच्या यादीत नसतो आणि त्यालाही या जत्रेची खबर नसते. अशाने कसब त्याचे आणि टेबल दुसऱ्याचे, असे होते.

यावर उपाय आहेत. पाच-दहा कारागिरांनी बचत गट किंवा सहकारी संस्था करावी, अथवा मोहल्ल्यातील नोंदणीकृत ट्रस्टचा आधार घ्यावा. कंपनीचा समाजकार्याचा पैसा हवा असेल, तर १ एप्रिल २०२१ पासून अशा संस्थेची सरकारदरबारी ‘सीएसआर-१’ नोंदणी आवश्यक ठरली. नुसते टेबल हवे असेल, तर ऑगस्टमध्येच नमुने घेऊन कंपनीच्या मनुष्यबळ खात्याला भेटावे. माल लहान, हलका आणि घरी भेट नेता येईल असा ठेवावा. दरपत्रक लिहिलेले असावे, बिलबुक सोबत असावे आणि मोबाइलवरून पैसे घेण्याची सोय असावी.

जत्रेतल्या विक्रीपेक्षा पुढची ऑर्डर मोलाची. ऑक्टोबरच्या आगेमागे दिवाळी येते आणि कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी भेटवस्तू घेतात. केवळ कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च समाजकार्याच्या दोन टक्क्यांत धरला जात नाही. म्हणजे ही खरेदी धंद्याचीच असते, त्यात उपकार कोणाचा नाही. तेव्हा भाव धंद्याचाच सांगावा. ‘गरिबाची मदत’ म्हणून कोणी पडेल दराने माल मागितला, तर नम्रपणे नाही म्हणावे. मजुरी बुडवून दिलेला माल म्हणजे कारागिरानेच कंपनीला केलेले दान.

उधारीची भीती असेल, तर मोफत होणारी ‘उद्यम’ नोंदणी आधीच करून घ्यावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास व्याज मागता येते. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र हे संरक्षण नाही.

शेवटी एक विनंती. या जत्रेत आपण केवळ विक्रेते म्हणून जाऊ नये. जमलेल्या कपड्यांत बटण तुटलेले, शिवण उसवलेले कितीतरी असतात. ते तसेच पुढे गेले तर घेणाऱ्याचा मान राहत नाही. आपल्यातल्या शिंप्याने मशीन घेऊन दोन तास तिथे बसावे. असा माणूस कंपनीच्या लोकांच्या लक्षात राहील. पुढच्या वर्षी त्याला टेबल मागावे लागणार नाही.