वजनाशेजारी मजुरी

सकाळी ६.४५
ठाण्याहून कल्याणला जाणाऱ्या लोकलमध्ये या वेळी बसायला जागा मिळते. गर्दी सगळी मुंबईच्या दिशेला. मी कल्याण तालुक्यात अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. जानेवारी म्हणजे वीटभट्ट्यांचा ऐन हंगाम, म्हणून आज पहिली फेरी भट्टीवर.

८.१५
टिटवाळ्याच्या बाजूची भट्टी. जव्हार-मोखाड्याकडची कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर इथे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. बहुतेकांनी पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत विटा थापायच्या. सेविकाताई माझ्याआधीच पोहोचल्या आहेत. झोपडीझोपडीत वाकून एकच प्रश्न विचारायचा : सहा वर्षांखालचं कोण आहे? गावच्या यादीत नाव असतं, मूल मात्र इथे असतं. इथल्या यादीत नाव चढलं नाही, तर त्याचा आहारही बुडतो आणि लसही.

१०.००
गावातली अंगणवाडी भरली. बडबडगीतं चालू आहेत, मदतनीसताई खिचडीच्या तयारीत. या कामाचं मूळ आमच्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातलं. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा विचार. १९५७ मध्ये दोघी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेल्या. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही त्यांनीच चालवली. बोर्डी आणि कोसबाड २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली.

११.१५
भट्टीवरची मुलं वजनाला आणली आहेत. वजन, उंची, दंडघेर. दोन वर्षांच्या एका मुलीच्या दंडावर पट्टी ११.३ सेंटिमीटर दाखवते. साडेअकराच्या खाली म्हणजे सॅम, तीव्र कुपोषित. डॉक्टरांकडे आजच न्यायला हवं. आई म्हणते, "आज गेले तर विटा कोण थापणार, बाई? हजारावर मजुरी आहे." ती मुलीची काळजी करत नाही असं कोणी म्हणू नये. हिशेब तिला आपल्याहून नेमका ठाऊक आहे. शेजारीण तिचं काम सांभाळायला तयार होते, तेव्हा कुठे आई रिक्षात बसते.

दुपारी १.३०
डबा खाताना त्या आईच्या हिशेबावरून मला जॉन्सटाउन आठवतं. पेनसिल्व्हेनियातलं हे पोलादाचं गाव मला समाजकार्याच्या अभ्यासक्रमात भेटलं. शिकागोच्या हल हाउस या वस्तीतल्या सेवाकेंद्रात जेन अ‍ॅडम्स यांच्यासोबत काम केलेल्या ज्युलिया लॅथ्रॉप १९१२ मध्ये अमेरिकेच्या नव्या चिल्ड्रन्स ब्युरोच्या, म्हणजे बालकल्याण खात्याच्या, प्रमुख झाल्या. त्यांच्या खात्यातल्या बायका जॉन्सटाउनमध्ये घरोघर फिरल्या. १९११ साली जन्मलेल्या बाळांचं पुढे काय झालं, हे त्यांनी आयांना विचारलं. बाळं दगावतात ती आईच्या अज्ञानामुळे, असं तेव्हा सर्रास म्हटलं जाई. पाहणीत दिसलं की वडिलांची कमाई जितकी कमी, तितके बालमृत्यू जास्त. १९१८ मध्ये अमेरिकेत गावोगाव बाळांची वजनं घेतली गेली. १९२१ मध्ये माता-बालकांसाठी शेपर्ड-टाउनर कायदा झाला. डॉक्टरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला आणि १९२९ मध्ये त्याचा पैसा थांबला. मोजणाऱ्या बायका होत्या, पुरावा होता, तरी आठ वर्षांत काम आटपलं. हे मला फार लागतं.

३.००
प्रकल्प कार्यालय. पोषण ट्रॅकर ॲपवर स्थलांतरित मुलांच्या नोंदी तपासायच्या. मोखाड्याच्या सेविकेला फोन करून त्या मुलीचं मागचं वजन विचारलं. दिवाळीत ती मध्यम कुपोषित होती. म्हणजे घसरण इथे आल्यावर झाली. डॉक्टरांनी तपासलंय, दाखल करण्याची गरज नाही. ग्राम बालविकास केंद्रात तिला दिवसातून अनेकदा थोडं थोडं खाऊ घालायचं. पण केंद्र गावात, आई भट्टीवर. सेविकाताई म्हणाल्या, "मॅडम, मी डबा घेऊन जाईन." त्यांच्या मानधनात हे काम धरलेलं नाही. त्यांचा चांगुलपणा गृहीत धरून योजना चालवणं मला मान्य नाही.

सायंकाळी ६.००
परतीची गाडी. दिवसाचं टिपण लिहायला घेते. लॅथ्रॉपबाईंनी बाळाच्या नोंदीशेजारी बापाची कमाई लिहून घेतली, म्हणून दोष आईच्या माथ्यावरून उतरला. आमच्या नमुन्यात वजन आहे, उंची आहे. मजुरीचा रकाना नाही. भट्टीवर सावलीची जागा आणि पाळणाघर द्यायला मालकाला भाग पाडायचं असेल, आजारी मुलाच्या आईला बुडालेल्या दिवसाची मजुरी मिळवून द्यायची असेल, तर वजन आणि मजुरी हे दोन आकडे एका ओळीत दिसले पाहिजेत. येत्या मासिक बैठकीत मी माझ्या बीटमधल्या प्रत्येक सॅम मुलाची नोंद अशीच मांडणार आहे : वजन, दंडघेर, आईबापांची उचल आणि हजार विटांमागचा दर.