ऋणमोचनाची राखी

श्रावणी पौर्णिमा हा आपल्याकडे अनेक व्रतांचा दिवस. कोळीबांधव सागराला नारळ अर्पण करतात, वैदिक मंडळी श्रावणी करून नवे यज्ञोपवीत धारण करतात, आणि घरोघरी बहीण भावाच्या मनगटावर राखी बांधते. या सूत्राचा अर्थ आपण रक्षण असा करतो. परंतु आपल्याच देशात हेच सूत्र एकदा क्षमेचे सूत्र झाले, आणि ते बांधणारी होती एक ख्रिस्ती संन्यासिनी. आज तीच कथा वाचकांपुढे ठेवावयाची आहे. मात्र कीर्तनाच्या रीतीप्रमाणे आधी पूर्वरंग, मग आख्यान.

आपल्या सुभाषितकारांनी क्षमेला वीराचे भूषण मानले. ज्याच्यापाशी सामर्थ्य आहे त्याने तो अलंकार ल्यावा आणि त्याची शोभा वाढावी. ख्रिस्ती धर्मात क्षमेची उपपत्ती निराळी आहे. तेथे क्षमा हे समर्थाच्या भूषणापेक्षा ऋणकोचे कर्तव्य आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकविली, तीत अपराधासाठी योजलेल्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थच ‘देणे’, ‘ऋण’ असा आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण मानणाऱ्या आपल्या मनाला ही भाषा परकी वाटू नये. भेद इतकाच की, आपण ऋण फेडावे म्हणतो. तेथे ते मनुष्याच्याने फिटणारे नाहीच, ईश्वराने ते कृपेने सोडले, म्हणून त्यानेही इतरांचे सोडावे, असा उपदेश आहे.

पेत्र नावाच्या शिष्याने विचारले, अपराध्याला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा काय? येशूने सातावरून संख्या साताच्या सत्तर पटींवर नेली आणि एक दृष्टांत सांगितला. एका राजाने आपल्या सेवकाचे दहा हजार तालांतांचे कर्ज माफ केले. तोच सेवक बाहेर पडला आणि शंभर दिनारांसाठी त्याने सोबत्याचा गळा धरून त्याला बंदीत टाकविले. दिनार म्हणजे त्या काळची मजुराची एक दिवसाची मजुरी. तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. हिशेब केला तर माफ झाले ते सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे ऋण, आणि सोडवले नाही ते शंभर दिवसांचे! राजाने मग आपली माफी परत घेतली, यात नवल ते काय?

आता आख्यान. इंदूर-देवास ही होळकर-पवारांची भूमी मराठी वाचकाला ओळखीची आहे. देवास जिल्ह्यातील उदयनगर येथे केरळच्या पुल्लुवळी गावची सिस्टर राणी मारिया ही संन्यासिनी १९९२ पासून सेवा करीत होती. सावकारी कर्जात पिचलेल्या आदिवासी शेतमजुरांना ती बचतीचा मार्ग आणि कायद्याने दिलेले हक्क समजावून सांगे. हे कित्येकांच्या डोळ्यांत सलले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी ती बसने इंदूरकडे निघाली असता, अशा लोकांनी चिथावलेल्या एका तरुणाने तिला प्रवाशांदेखत सुऱ्याने भोसकून ठार केले. तिच्या अंगावर पन्नासहून अधिक जखमा होत्या.

न्यायालयाने त्या तरुणाला जन्मठेप दिली. तुरुंगात त्याच्या मनात सूडाचीच आग होती. स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे एक ख्रिस्ती धर्मगुरू त्याला वारंवार भेटत राहिले, तेव्हा कोठे ती आग निवाली. २००२ साली राखीच्या सुमारास राणी मारियाची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेली आणि ज्या हाताने बहिणीवर वार केले त्याच हाताला तिने राखी बांधली. पुढे वृद्ध मातेने त्याच्या हातांचे चुंबन घेतले. आपल्या लेकीचे रक्त या हातांना लागले आहे, ही तिची भावना! कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी रीतसर विनंती केली. २००६ साली तो सुटला, आणि २००७ साली केरळात जाऊन त्या मातापित्यांच्या दारात उभा राहिला. त्यांनी त्याला घरात घेतले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारियेला ‘धन्य’ घोषित करण्यात आले, त्या सोहळ्यासही तो उपस्थित होता. त्याचे नाव येथे मुद्दामच लिहिले नाही. त्या घराने त्याला भाऊ म्हटले, तेवढे पुरे.

येथे एक विवेक ठेवला पाहिजे. त्या घराने पाप हे पाप नव्हते असे कधी म्हटले नाही. न्यायालयाचे काम न्यायालयाने केले, शिक्षाही अनेक वर्षे भोगून झाली. क्षमेने न्याय बुडविला नाही; तिने फक्त वैराचे व्याज वाढू दिले नाही. आणि ती एका क्षणात घडलीही नाही. वधापासून राखीपर्यंत सात वर्षे गेली.

वाचकहो, आपल्या घरांत सुऱ्याचे वार नसतात. पण वाटणीचा बांध असतो, हक्कसोडीच्या कागदावरची सही असते, लग्नात राहिलेला मानपान असतो. तेवढ्यावरून कित्येक बहिणींची राखी वर्षानुवर्षे भावाच्या घरी जात नाही. आपल्यावर आईवडिलांचे, गुरुजनांचे आणि भगवंताचे किती देणे आहे, याचा हिशेब आज देवापुढे दिवा लावून प्रत्येकाने मनाशी मांडावा. मग भावाबहिणीकडून येणे निघते ते किती, हेही पाहावे. आणि पौर्णिमा सरण्यापूर्वी कुणीतरी एकाने पुढे होऊन उंबरा ओलांडावा.