जुनी मोजणी, नवा संगणक

तळेघरच्या डोंगरउतारावरच्या भातखाचरांचे बांध सरळ नसतात. एकेका खाचराला दहा-बारा कोपरे. अशा मोजण्यांच्या फायली जुन्या डॉस सॉफ्टवेअरमध्ये असतील, तर नवा संगणक आला म्हणून त्या टाकून देऊ नका!

अडतं कुठे? डॉसचे प्रोग्राम १६-बिटचे. ६४-बिट विंडोजमध्ये ते थेट चालत नाहीत आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येते.

काय करायचं?

१. डॉसबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर टाका. जुन्या फोल्डरची प्रत काढा, 'माउंट' कमांडने ती सी ड्राइव्ह म्हणून जोडा आणि प्रोग्राम सुरू करा.

२. सॉफ्टवेअर एक्सपीच्या काळातलं असेल तर आधी कम्पॅटिबिलिटी मोड वापरून बघा. नाही जमलं तर व्हर्च्युअल मशीनमध्ये एक्सपी चालवा, पण त्याला इंटरनेट देऊ नका.

३. टोटल स्टेशन या मोजणी यंत्राची नऊ पिनांची केबल यूएसबी कन्व्हर्टरने जोडा. बॉड रेट यंत्रात आणि संगणकात सारखाच हवा.

शेवटी पडताळणी कराच. ३३ फूट लांब-रुंद चौकोन भरा. क्षेत्र १,०८९ चौरस फूट, म्हणजे बरोबर १ गुंठा आलं पाहिजे. मग सगळे बिंदू साध्या टेक्स्ट फाइलमध्येही काढून ठेवा. ती फाइल कुठल्याही संगणकावर उघडेल.