निवड कोणाची?

एखाद्या कवीच्या निवडक कवितांचे पुस्तक आपण हाती घेतो, तेव्हा ती निवड कवीने केली की प्रकाशकाने, याची चौकशी सहसा करीत नाही. पाश्चात्य संगीताच्या व्यवहारात अशा निवडीला ‘ग्रेटेस्ट हिट्स’ किंवा ‘बेस्ट ऑफ’ म्हणतात. तिच्यामागे हक्काचा प्रश्न कसा दडलेला असतो, हे रेडिओहेड या इंग्लिश बँडच्या उदाहरणाने स्पष्ट होईल.

ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी एकाच शाळेत शिकणाऱ्या पाच मुलांनी 1985 साली हा बँड उभा केला. रॉक संगीताच्या ज्या शाखेला ‘अल्टर्नेटिव्ह’, म्हणजे रूढ बाजारी वाटेहून निराळी, असे म्हणतात, तिच्यात त्यांची गणना होते. 1991 साली त्यांनी ईएमआय या बलाढ्य कंपनीशी करार केला आणि 1993 ते 2003 या काळात सहा अल्बम दिले. करार संपला. 2007 साली कंपनी एका गुंतवणूक संस्थेने विकत घेतली. नव्या मालकांशी बँडचे जमले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी ‘इन रेनबोज’ हा अल्बम स्वतःच इंटरनेटवर मांडला आणि किंमत ग्राहकावर सोपवली. कोणी काहीच न देता घेतला तरी चालत होते!

पुढे जून 2008 मध्ये ईएमआयने ‘रेडिओहेड : द बेस्ट ऑफ’ बाजारात आणला. निवडीत बँडचा सहभाग नव्हता. मग कंपनीला हे करता आले कसे? येथे दोन हक्क वेगळे करून पाहिले पाहिजेत. शब्द आणि चाल यांवर रचनाकाराचा हक्क असतो. परंतु ध्वनिमुद्रणाची मालकी करारान्वये कंपनीकडे जाऊ शकते. गीत माझे, पण त्याची मुद्रिका तुमची, अशी ही विभागणी आहे. साहजिकच कंपनीच्या मालकीची नसलेली ‘इन रेनबोज’मधली गाणी या संग्रहात आली नाहीत.

आता रसिकाचे काय? ‘क्रीप’, ‘कर्मा पोलिस’, ‘नो सर्प्रायझेस’ ही गाणी एकत्र मिळाली, ही सोय लहान नव्हे. नवख्याला असा संग्रह उंबरठ्यासारखा उपयोगी पडतो. परंतु 2000 सालचा ‘किड ए’ घ्या. त्यातले एकही गाणे तेव्हा सुटी तबकडी म्हणून काढले नव्हते. तो सलग ऐकावा असाच रचलेला होता. ‘एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस’ हे त्याचे पहिले गाणे. गिटारऐवजी विजेवरच्या कळवाद्याचे सूर आणि तुकडे करून जोडलेला गायकाचा आवाज यांनी ते पुढच्या साऱ्या वातावरणाची तयारी करते. संग्रहात त्याच्यामागून तो अल्बम येत नाही. मैफलीतला आलाप तेवढा उचलून दुसऱ्या मैफलीत ठेवावा, तसे होते.

गायक टॉम यॉर्क याने या प्रकरणी फारसा त्रागा केला नाही. संधी वाया गेली. आम्हालाच करावेसे वाटून आम्ही केले असते तर कदाचित चांगले झाले असते, अशा आशयाचे तो बोलला. 2016 साली हा जुना ठेवा एक्सएल रेकॉर्डिंग्ज या कंपनीकडे गेला. म्हणजे मालक पुन्हा बदलला. म्हणून निवडक संग्रह जरूर ऐकावा, पण निवडणारा कोण हे आधी पाहावे, आणि जे गाणे मनात भरेल त्याचा मूळ अल्बम एकदा तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावा.