गठाणीमागे दोन आणे

कापसावरील संशोधनाचा खर्च कापसाच्याच व्यापारातून भागवावा, या हेतूने १९२३ मध्ये भारतीय कापूस उपकर कायदा झाला. त्याआधी मॅकेना समितीच्या शिफारशीवरून १९२१ मध्ये भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली होती. उपकराने तिला स्वतःचे उत्पन्न मिळाले.

दर होता ४०० पौंडांच्या गठाणीमागे दोन आणे. पहिली तीन वर्षे चार आणे. चाळीस लाख गठाणींवर दोन आण्यांप्रमाणे पाच लाख रुपये होतात. पीक बुडाले की हे उत्पन्नही घटणार, हे उघड होते. वसुलीसाठी शेतकऱ्याच्या बांधावर जावे लागत नसे. देशात वापरलेल्या रुईवरचा उपकर गिरणीकडून घेतला जाई, परदेशी जाणाऱ्या रुईवरचा बंदरावर. त्याच वर्षी ब्रिटनमध्येही गिरण्यांवर गठाणीमागे सहा पेन्सचा कर बसला. तो पैसा साम्राज्यातील कापूस लागवडीच्या सुधारणेसाठी होता.

वऱ्हाडाला कापसावरचे शुल्क नवे नव्हते. १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने इथे नियंत्रित बाजार उभे राहिले होते. पण बाजाराचे शुल्क बाजाराच्या व्यवस्थेसाठी असते. उपकर प्रयोगशाळा आणि बियाण्यांसाठी होता.

त्याच पैशातून १९२४ मध्ये मुंबईत माटुंग्याला तंत्र संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. नव्या वाणाची सुरुवातीला थोडीच रुई हाती येते. माटुंग्यात तिच्या तंतूची लांबी, तलमपणा आणि ताकद मोजली जाई, मग तेवढ्याच रुईचे सूत कातून ते किती बारीक नंबरपर्यंत टिकते हे पाहिले जाई. त्यामुळे बियाणे गावोगाव पसरण्याआधीच वाणाची पारख होई.

वऱ्हाडात या पारखेची गरज होती. इथल्या रोझियम कापसाचा उतारा भरपूर, म्हणजे सरकी काढल्यावर रुई जास्त. पण धागा आखूड. शेतकऱ्याला उतारा हवा, गिरणीला लांब धागा. व्हेरम जातीच्या निवडीतून या दोन्हींचा मेळ घालण्याचा प्रयत्न झाला.

वऱ्हाडातल्याच बाळापूरच्या सतरंजीची गरज मात्र वेगळी. तिला जाड, दणकट सूत लागते आणि त्यासाठी आखूड धाग्याचा देशी कापूसही चालतो. घरी चरख्यावर कातलेल्या रुईवर उपकर नव्हता. तो गिरणी आणि निर्यात यांच्यावरच होता. संशोधनाचा कलही साहजिकच लांब धाग्याकडे राहिला. उपकराची ही मर्यादा आहे: पैसा ज्या वाटेने येतो, त्याच वाटेचे प्रश्न आधी सुटतात.

१९६६ मध्ये समिती बरखास्त झाली आणि माटुंग्याची प्रयोगशाळा भारतीय कृषी संशोधन परिषदेकडे गेली. पुढे १९६९ मध्ये अकोल्याचे कृषी विद्यापीठ आणि १९७६ मध्ये नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था उभी राहिली. आता या कामाचा मुख्य भार सरकारी अंदाजपत्रकावर आहे. त्यामुळे संशोधनाचा निधी एका हंगामाच्या पिकावर अवलंबून राहिला नाही. मात्र गठाणीमागे कापून घेतलेला पैसा कापसासाठीच राखून ठेवण्याची सोयही संपली.